रिकाम्या खोलीचं भाडं

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यात माजी सैनिकांचा मेळावा झाला. पेन्शन, ईसीएचएसचं कार्ड, मुलांचे दाखले हे सगळं बोलून झाल्यावर मागच्या रांगेतला एक नाईक उभा राहिला. अजून नोकरीत आहे, रजेवर आला होता. त्याचा प्रश्न छोटा होता. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी त्याची रजा रद्द झाली आणि युनिट पुढे सरकलं. बायको दोन वर्षांच्या मुलीला घेऊन छावणीजवळची भाड्याची जागा सोडून गावी आली. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार होता, त्यातले चार महिने झाले होते. घरमालकाने तीस हजारांचं डिपॉझिट ठेवून घेतलं. नाईक म्हणाला, "साहेब, हे पैसे परत मागता येतात का?"

व्यासपीठावर एक ज्येष्ठ वकीलसाहेब होते. त्यांनी उत्तर दिलं, "करार म्हणजे करार. मुदतीआधी जागा सोडली तर मालकाचा काय दोष? सैनिकाला देशाने भरपूर दिलंय, आता घरमालकाच्या खिशातूनही द्यायचं का?" नाईक "हो साहेब" म्हणून खाली बसला. फौजेत वरिष्ठांचं ऐकून घ्यायची सवय लागते, ती अशा वेळी नडते.

मी तिथे होतो आणि गप्प राहिलो, याची बोचणी मला लागली आहे. तोफखान्यात चोवीस वर्षं काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नंतर एलएल.बी. केलं आणि आता सातारच्या कोर्टात वकिली करतो. तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहितो. वकीलसाहेबांचं उत्तर माणुसकीला धरून नव्हतंच, पण ते कायद्यालाही धरून नव्हतं, आणि माझा मुख्य आक्षेप या दुसऱ्या गोष्टीला आहे.

आधी माझी गोष्ट सांगतो, म्हणजे मी कोणत्या बाजूला उभा आहे हे वाचणाऱ्याला कळेल. १९९९ मध्ये मी हवालदार होतो. क्वार्टरच्या यादीत नंबर खाली होता, म्हणून सीआयएलक्यू, म्हणजे क्वार्टरऐवजी मिळणारा भत्ता, घेऊन बाहेर दोन खोल्या घेतल्या होत्या. भाडं बाराशे रुपये. मालकाने सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं आणि वर पाच हजार डिपॉझिट. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळं मोजून दिलं. जागा देताना ते म्हणाले होते, "फौजी माणूस म्हणून देतोय, भाडं बुडायचं भय नाही." हे वाक्य मी विसरलेलो नाही. मी कोण आहे, माझी नोकरी काय आहे, हे ठाऊक असूनच त्यांनी करार केला होता. उलट त्या नोकरीच्या भरवशावरच केला होता.

मे महिन्याच्या अखेरीस कारगिलच्या लढाईसाठी कूच झालं. रात्री साडेदहाला निरोप आला आणि पहाटे चारला गाड्या निघाल्या. त्या मधल्या तासांत मी बायकोला पैशांचा डबा दाखवला, गॅस सिलिंडर कुठे परत करायचा ते सांगितलं आणि दोन किल्ल्यांपैकी एक तिच्या हातात दिली. दुसरी माझ्या खिशात राहिली. द्रासला गन पोझिशनवर असताना एकदा पगाराचं पुस्तक काढायला गेलो तर ती हाताला लागली. उंच पहाडातल्या त्या जागी, बोफोर्सच्या धक्क्याने अंगाखालची जमीन हलत असताना, एका बंद खोलीची किल्ली माझ्या खिशात होती आणि त्या खोलीचं भाडं चालू होतं.

बायको जून उजाडताच मुलांना घेऊन गावी गेली. जाताना तिने मालकाला सांगितलं, "काका, चार महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट हे परत आल्यावर घेतील, नाहीतर मनीऑर्डर करा." मी ५६ एपीओच्या पत्त्यावरून दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. शेजाऱ्यांकडून कळलं की महिना उलटायच्या आत त्या खोल्यांत दुसरं बिऱ्हाड आलं होतं. परतल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही स्वतःहून सोडून गेलात." चार महिन्यांचे अठ्ठेचाळीसशे आणि डिपॉझिटचे पाच हजार, एकूण नऊ हजार आठशे. तेव्हाचा माझा जवळजवळ दोन महिन्यांचा पगार. बायकोच्या हिशेबाच्या वहीत ती रक्कम 'येणे' म्हणून अजून लिहिलेली आहे.

आता वकीलसाहेबांचं "करार म्हणजे करार" घेऊ. हे तत्त्व कुठून आलं ते बघण्यासारखं आहे, कारण त्याच्या मुळाशी युद्धच आहे. इंग्लंडच्या यादवीत १६४७ साली पॅराडाईन विरुद्ध जेन हा खटला चालला. रूपर्ट नावाच्या जर्मन राजपुत्राच्या फौजेने एका कुळाला जमिनीवरून हाकलून दिलं आणि जमीन ताब्यात ठेवली. मालकाने तीन वर्षांचा खंड मागितला. कूळ म्हणालं, जमीन माझ्या हातातच नव्हती, मी पीक काय काढणार? न्यायालयाने सांगितलं की तू बिनशर्त कबूल केलंस, फौज आली तर काय हे करारात लिहून घ्यायला हवं होतंस, आता खंड दे. पावणेचार शतकांपूर्वीचा हा विचार आजही आमच्याकडे भाडेकरूच्या डोक्यावर मारला जातो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर फाळणीतून असाच प्रश्न आला. पश्चिम पंजाबातली शेतजमीन एकाने खंडाने घेतली होती, पैसे भरले होते. फाळणी झाली, जमीन पाकिस्तानात गेली, खंडकरी इकडे आला आणि त्याने पैसे परत मागितले. १९६८ मध्ये ध्रुव देव चंद विरुद्ध हरमोहिंदर सिंग या निकालात न्यायालयाने ते नाकारले. कारण असं दिलं की करार कायद्याचं कलम ५६, म्हणजे पार पाडणं अशक्य झालेला करार रद्द होतो हा नियम, भाडेपट्ट्याला लागू होत नाही. भाडेपट्टा हा नुसता करार नाही, त्यातून जमिनीत हक्क निर्माण होतो, आणि एकदा हक्क मिळाला की तो उपभोगता आला नाही ही तक्रार चालत नाही. २०२० मध्ये कोविडच्या काळात दिल्लीतल्या खान मार्केटमधल्या एका चपलांच्या दुकानाच्या भाड्याचा प्रश्न आला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानेही हेच सूत्र धरलं.

मेळाव्यातल्या वकीलसाहेबांच्या मनात बहुधा हाच निकाल असावा. पण त्यांनी तो अर्धाच वाचला आहे. १९६८ च्या निकालाचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे भाडेपट्ट्याने जागेत हक्क मिळतो. आता त्या नाईकाचा करार बघा. तो भाडेपट्टा नाही, लिव्ह अँड लायसन्स आहे. ईझमेंट्स ॲक्टचं कलम ५२ स्पष्ट सांगतं की लायसन्सने जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही, ती फक्त वापरायची परवानगी असते. महाराष्ट्रातले घरमालक लिव्ह अँड लायसन्सच का करतात? भाडेकरूला हक्क मिळू नये म्हणूनच. मग जागा खाली करून घ्यायची वेळ आली की "तुझा या जागेत काही हक्क नाही" आणि पैसे परत द्यायची वेळ आली की "तुला जागेत हक्क दिला होता, तो तू वापरला नाहीस", या दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने कशा बोलता येतील? जिथे हक्क नाही तिथे उरतो निव्वळ करार, आणि निव्वळ कराराला करार कायदा लागू होतो. त्यातलं कलम ५६ लागू होतं आणि कलम ६५ सुद्धा, जे सांगतं की करार निष्फळ झाला तर ज्याने फायदा घेतला त्याने तो परत करावा.

इथे मी प्रामाणिकपणे एक कबूल करतो. कलम ५६ चा रस्ता सोपा नाही. न्यायालय म्हणू शकतं की खोली जागेवर होती, छप्पर शाबूत होतं, फक्त तुम्ही आला नाहीत, मग अशक्य काय झालं? १९५४ च्या सत्यव्रत घोष खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'अशक्य' याचा अर्थ शब्दशः घ्यायचा नाही, व्यवहारात निरर्थक झालं तरी पुरे, असं सांगितलं. तो खटलाही लष्कराशी जोडलेला होता, दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी सरकारने ताब्यात घेतलेल्या कलकत्त्याच्या जमिनीचा. पण तत्त्व उदार मांडूनही त्या प्रकरणात न्यायालयाने करार टिकवलाच. म्हणून या एकाच कलमावर मी नाईकाची बाजू उभी करणार नाही.

माझ्या हातात जास्त मजबूत गोष्ट आहे ती कलम ७४. करार मोडल्याबद्दल जप्त करायची रक्कम आधीच ठरवलेली असली तरी समोरच्याला फक्त वाजवी भरपाई मिळते. करारात लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी जागा सोडायची नाही अशी अट, लिहिलीय म्हणून सगळं गिळता येत नाही. मौला बक्ष यांचा खटला आठवा. ते लष्कराला बटाटे, अंडी, कोंबड्या पुरवत. पुरवठा नीट झाला नाही म्हणून सरकारने त्यांचं डिपॉझिट जप्त केलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत करायला लावलं, कारण सरकारने आपलं नुकसान किती झालं हे सिद्धच केलं नव्हतं. २०१५ च्या कैलाश नाथ विरुद्ध डीडीए या निकालात तर आणखी स्वच्छ सांगितलं आहे की नुकसान झालंच नसेल तर जप्ती नाही. म्हणजे सैन्याला बटाटे पुरवणाऱ्याचं डिपॉझिट खुद्द भारत सरकारलाही खाता आलं नाही. मग सैनिकाचं डिपॉझिट एका घरमालकाला कसं खाता येईल? त्या नाईकाची जागा जुलैमध्ये दुसऱ्याला भाड्याने गेली. नुकसान झालंच असेल तर ते जून महिन्याचं.

"मालकाचा काय दोष?" या प्रश्नाला मला खरोखर उत्तर द्यायचं आहे, कारण तो प्रश्न खोटा नाही. भाड्यावर घर चालवणारी म्हातारी विधवा मीही पाहिली आहे. छावणीच्या शहरांत अशा कितीतरी आहेत, वरच्या मजल्यावर स्वतः राहतात आणि खालच्या दोन खोल्यांच्या भाड्यावर औषधं आणतात. अशा बाईने एका रात्रीत रिकामी झालेली खोली सोसावी असं मी म्हणत नाही. तिला एक महिना मिळायला हवा, नवीन बिऱ्हाड शोधायला. माझ्या हिशेबातूनही मी आता तो महिना वजा करतो. माझे नऊ हजार आठशे नव्हते, आठ हजार सहाशे होते. पण महिन्याभरात जी खोली पुन्हा भरली, तिचं भाडं दोघांकडून घेणं हे नुकसान नाही, ती कमाई आहे. आणि डिपॉझिट तर भाडंच नव्हे. ते भिंतीची, नळाची, लाईट बिलाची हमी म्हणून ठेवलेलं भाडेकरूचंच धन असतं.

कुणी म्हणेल, नुकसान सरकारनं भरून द्यावं. सरकारनं जरूर द्यावं, त्याला माझी ना नाही. पण पैसे सरकारच्या तिजोरीत नाहीत, घरमालकाच्या कपाटात आहेत. ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडेच माणूस आधी मागणार.

दुसरं एक बोलणं मेळाव्यानंतर चहाच्या टेबलावर ऐकलं. "फौजीला माहीत असतं, बदली होणारच." बदली आणि कूच यांतला फरक न कळणारा माणूसच असं म्हणेल. बदलीची ऑर्डर आधी येते, सामान नेण्याचा खर्च मिळतो, जॉइनिंगसाठी दिवस मिळतात, घरमालकाला नोटीस द्यायला वेळ असतो. त्यासाठी मी वेगळा कायदा मागत नाही. मी बोलतोय ते रात्री साडेदहाच्या निरोपाबद्दल. त्या निरोपानंतर घरमालकाकडे जाऊन महिन्याची नोटीस द्यायची सोय नसते. आधी कुणाला सांगायलाही बंदी असते.

आणि "सैनिकाला भरपूर दिलंय" या वाक्याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटलं, कारण घरभाड्याच्या बाबतीत कायद्याने कोणत्या सैनिकाला दिलंय हे वकीलसाहेबांना ठाऊक असायला हवं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम २३ वाचा. सैन्यातल्या घरमालकाला स्वतः राहण्यासाठी जागा हवी असेल तर भाडेकरूला बाहेर काढायला तो कायदा वेगळी वाट देतो. कमांडिंग ऑफिसरचं प्रमाणपत्र हा त्यात पुरावा म्हणून पुरतो. त्याच्या विधवेलाही तो हक्क आहे. जुन्या मुंबई भाडे कायद्यातही अशी तरतूद होती. ती योग्यच आहे, तिच्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण ती घर असलेल्या सैनिकासाठी आहे. ज्याला घर नाही, जो दुसऱ्याच्या खोलीत बायकोमुलांना ठेवून सीमेवर गेला, त्याच्यासाठी त्या कायद्यात एक ओळ नाही. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथल्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात जीव दिला आणि जिथे आजही घरटी माणूस फौजेत आहे, तिथला पोरगा भरती होतो तेव्हा तो कुणाचा मालक होऊन येत नाही. त्याच्या नशिबात आधी भाडेकरू होणंच असतं.

कायद्याला युद्ध कळत नाही असंही नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये आग, वादळ, पूर यांच्याबरोबर सैन्याच्या किंवा जमावाच्या हिंसाचाराचा उल्लेख आहे. त्याने जागा कायमची निकामी झाली तर भाडेकरूला पट्टा संपवता येतो. भारतीय सैनिक (दावे) कायदा १९२५ पासून आहे. सैनिक युद्धसेवेत असेल तर त्याच्याविरुद्धची सुनावणी थांबते आणि तो काळ त्याच्या दाव्याच्या मुदतीतून वगळला जातो. केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडे कायद्यात तर 'युद्ध' हा शब्द ठळक आहे. पण कशासाठी? युद्ध, पूर, भूकंप अशा काळात करार संपला तर भाडेकरूला आपत्ती सरेपर्यंत आणि पुढे एक महिना जागेत राहू द्यावं म्हणून. युद्धामुळे राहणाऱ्याचा विचार झाला. युद्धामुळे निघून जावं लागलेल्याचा झाला नाही.

ज्या इंग्लंडने पॅराडाईनचा निकाल दिला, तिथेच १९३९ मध्ये बॉम्बने पडलेल्या घराचा पट्टा सोडून देण्याची मुभा देणारा कायदा झाला. १९८१ च्या पॅनाल्पिना खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने मान्य केलं की क्वचित का होईना, भाडेपट्टाही निष्फळ ठरू शकतो. अमेरिकेने १९१८ मध्येच लढायला गेलेल्यांच्या नागरी व्यवहारांना संरक्षण देणारा कायदा केला. १९४० मध्ये तो नव्याने आला, आणि २००३ पासूनचा त्याचा आजचा अवतार सांगतो की सैनिकाला नव्वद दिवस किंवा जास्त मोहिमेवर जायचं असेल तर लेखी नोटीस आणि ऑर्डरची प्रत देऊन घराचा करार संपवता येतो. पुढचा हप्ता देय झाल्यापासून तीस दिवसांनी करार संपतो, आणि त्यानंतरच्या काळाचं आगाऊ घेतलेलं भाडं मालकाने तीस दिवसांत परत करायचं असतं. डिपॉझिट जाणूनबुजून अडवलं तर तो गुन्हा आहे. असा कायदा झाला तर सैनिकाला कुणी घर देणार नाही, असा धाक आपल्याकडे घालतात. तिथल्या लष्करी तळांभोवतीच्या गावांत आजही सैनिक भाड्यानेच राहतात.

मला महाराष्ट्राकडून फार मोठं काही नको. कलम २३ शेजारी एक छोटं कलम घाला. युद्ध किंवा मोहिमेच्या आदेशाने जागा सोडावी लागली, कमांडिंग ऑफिसरने तसं लिहून दिलं, तर पुढच्या एक महिन्याच्या भाड्यानंतर करार संपेल आणि उरलेलं आगाऊ भाडं व डिपॉझिट तीस दिवसांत परत मिळेल. घरमालक सैनिकासाठी ज्या सहीवर आपण विश्वास ठेवतो, त्याच सहीवर भाडेकरू सैनिकासाठीही ठेवा. ही भीक नाही आणि बक्षीसही नाही. एका माणसाने न वापरलेल्या खोलीचे पैसे त्याचे त्याला परत देणं, एवढंच आहे.

कायदा होईल तेव्हा होईल. मेळावा संपल्यावर मी त्या नाईकाला बाहेर गाठलं, त्याच्याकडून कराराची प्रत घेतली आणि वकीलपत्रावर सही घेतली. तीस हजारांतून जूनचे आठ हजार वजा करून बावीस हजारांची नोटीस तयार केली. कलम ७४ आणि मौला बक्ष व कैलाश नाथ हे दोन निकाल त्यात घातले. त्याने वाचून विचारलं, "आठ हजार का सोडायचे, साहेब?" मी म्हटलं, "ते त्यांचे आहेत." नोटीस स्पीड पोस्टाने गेली. पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. आज नववा दिवस.